पावलांचा सातबारा

बिडकीनच्या म्हाताऱ्या माणसांनी व्यायाम म्हणून चालावं, यासाठी आधी त्यांच्या जमिनी जाव्या लागल्या. एरवी ते चालतच होते, फक्त त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. पहाटे मोसंबीला पाणी द्यायला वावरात, दुपारी भाकरीला घरी, ऊन कललं की परत वावरात, आणि दिवस मावळताना शेजाऱ्याने बांध किती कोरला हे बघायला एक खास फेरी. या शेवटच्या फेरीला कुणी कधी दांडी मारली नाही. पाऊस असो, अंगात ताप असो, घरात लग्न असो, माणूस बांधावर जाऊन यायचाच. बांध कोरणारा शेजारी हे मराठवाड्यातलं सर्वांत खात्रीचं व्यायामाचं साधन. त्याला चार्जिंग लागत नाही, तो कधी अपडेट मागत नाही, आणि माणसाला नव्वदीपर्यंत हिंडता ठेवतो. कोर्टाच्या तारखांना होणारं चालणं वर वेगळं.

मग दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा आला आणि शेजारी, बांध, भांडण असं सगळंच एकदम संपादित झालं. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर बिडकीन. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचं नवं औद्योगिक शहर उभं राहायचं होतं, नाव ऑरिक. त्यातले ७,८५५ एकर एकट्या बिडकीनकडचे. एकरी २३ लाख रुपये भाव मिळाला. २०२४ च्या ३१ जुलैला टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्याचा करार सरकारशी केला आणि २९ सप्टेंबरला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून हे औद्योगिक क्षेत्र देशाला अर्पण केलं. आमचे आण्णा तो सोहळा मोबाईलवर बघत होते. पडद्यावर नकाशा आला तसं त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, इथं आपली विहीर होती."

पैसा आला की मराठवाड्यात पहिली येते ती गाडी. ऑक्टोबर २०१० मध्ये याच जिल्ह्याच्या शहरात एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या आणि देशभर त्याच्या बातम्या झाल्या. बिडकीन मर्सिडीजपर्यंत गेलं नाही. खड्ड्यांचा अंदाज असलेल्या शहाण्या माणसांसारखं बोलेरोवर थांबलं. पण गाडी दारात उभी राहिली आणि एक नवीच अडचण झाली. दारात गाडी असताना बाप पायी चाललेला दिसला, तर त्याचा गावात एकच अर्थ निघतो: पोरगा सांभाळत नाही.

शहरातल्या लोकांना हे पटकन कळायचं नाही. शहरात म्हातारा माणूस पांढरे बूट घालून सकाळी झपाझप चालत असेल तर लोक म्हणतात, वा, तब्येत राखलीय. गावात म्हातारा माणूस सकाळी झपाझप चालत असेल तर लोक विचारतात, कोण वारलं? आण्णांना डॉक्टरांनी साखर बघून रोज चालायला सांगितलं, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांना वाटेत जो भेटला त्याने मोटारसायकल थांबवली. "बसा आण्णा, कुठं चालले?" कुठेच नाही, असं सांगणं अवघड. खेड्यात कुठेच न चाललेला माणूस ही संशयास्पद गोष्ट आहे. आण्णा म्हणाले, इथंच. इथंच म्हणजे कुठं, तर ते सांगता येईना. शेवटी बसले. त्या पोराने त्यांना मोठ्या प्रेमाने पैठण रस्त्यापर्यंत सोडलं, चहा पाजला, आणि परतीची सोय म्हणून दुसऱ्या एकाच्या मागे बसवून दिलं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असा पूर्ण गाडीवर झाला. दुसऱ्या दिवशी आण्णांनी गाडीवाल्याला नाही म्हणून बघितलं. दुपारपर्यंत गावात बातमी: आण्णांचं आणि त्या पोराच्या घराचं काहीतरी बिनसलंय. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सूनबाईंनाच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? मामा सकाळी सकाळी निघून जातात म्हणे."

त्यात एस.टी.ने हातभार लावला. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ या वयात निम्मं तिकीट. योजना चांगलीच आहे, तिच्याविषयी वाकडं बोलणार नाही. कित्येक माणसं तिच्यामुळे लेकीच्या घरी जाऊन आली. पण पूर्वी पुढच्या गावाला जायला जे दोन-अडीच किलोमीटर पायी तुडवले जायचे, ते आता आधार कार्ड दाखवून बसून जातात. आमच्याकडचे एक आजोबा ढोरकीनला निव्वळ चहा प्यायला जातात. बिडकीनचा चहा वाईट नाही. पण तो फुकट प्रवास करून प्यायलेला नसतो.

अशा वेळी गावात घड्याळ आलं.

माझ्या मित्राचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, स्क्रीनगार्ड, झेरॉक्स आणि सरकारी फॉर्म अशा चारी आघाड्यांवर ते चालतं. माझी संध्याकाळ बरीचशी तिथेच जाते, त्यामुळे या घड्याळांचा प्रवेश मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला. पुण्यातला, वाळूजमधला किंवा थेट परदेशातला मुलगा दिवाळीत येतो, वडिलांच्या मनगटावर काळी पट्टी बांधतो, "बाबा, रोज दहा हजार पावलं" असं बजावतो आणि भाऊबीज उरकून निघून जातो. चौथ्या दिवशी बाबा दुकानात. "हे बंद पडलं." बंद पडलेलं नसतं, मोबाईलपासून तुटलेलं असतं. मित्र ते पुन्हा जोडून देतो. बाबा विचारतात, "आता मधल्या चार दिवसांची पावलं?" ती गेली, असं मित्राने सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. पंचनामा करून काही मिळण्यासारखं आहे का, असंही एकाने विचारलं होतं.

पण आण्णांच्या मनगटावर पट्टी आली आणि जे डॉक्टरांना जमलं नव्हतं ते एका दिवसात झालं. मोटारसायकल थांबली, "बसा आण्णा, कुठं चालले?" असा प्रश्न आला, आणि आण्णांनी उत्तर न देता फक्त मनगट वर केलं. "हे पुरं करायचंय. मधवानं सांगितलंय." मधवा म्हणजे मधला मुलगा. समोरच्याने मान डोलावली, गाडी पुढे गेली. ना संशय, ना अफवा. त्यांना चालायची इच्छा आधीपासून होती, रस्ताही होता, पायही बरे होते. नव्हती ती सबब. ती आता मनगटावर बांधलेली होती, आणि रात्री हिरवी चमकायची.

बायकांच्या बाबतीत तर हा परवानाच ठरला. बिडकीनच्या साठीपुढच्या बाया आयुष्यभर पाण्याला चालल्या, सरपणाला चालल्या, निंदायला-खुरपायला चालल्या. नळ आला, गॅस आला, वावर गेलं, आणि घराबाहेर पडायची सगळी कारणं एका पाठोपाठ बंद झाली. नुसतं फिरायला जाते म्हणणारी म्हातारी अजून गावाला पचत नाही. पण "लेकीनं घड्याळ पाठवलंय, ती तिकडून बघती" हे वाक्य पचतं. दोघी-तिघी मिळून संध्याकाळी औद्योगिक क्षेत्रातल्या नव्या रस्त्याने निघतात. रस्ते रुंद, गुळगुळीत, दिव्यांचे. कारखाने पुरते आले नव्हते तोवर त्यांच्यावर वाहनांपेक्षा पदरच जास्त दिसायचे. कोटी-कोटींचे ते रस्ते बांधणाऱ्यांच्या मनात अवजड ट्रक होते. वापर पहिल्यांदा केला तो गुडघ्यांनी.

आता त्या दहा हजारांविषयी. दुकानात रोज संध्याकाळी या आकड्यावर वाद होतो, म्हणून मी शोध घेतला. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा आली आणि दुसऱ्या वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच त्यांनी दहा हजार पावलं घालून टाकली, आकडा कानाला बरा वाटतो म्हणून. त्यामागे त्या वेळी कुठल्याही प्रयोगशाळेचा पक्का आधार नव्हता. म्हणजे साठ वर्षांपूर्वी टोकियोत कुणीतरी जाहिरातीसाठी काढलेला आकडा बिडकीनच्या माणसाला झोपू देत नाही. रात्री साडेनऊला एक आजोबा अंगणात गोल फिरताना दिसतात, विचारलं तर म्हणतात, "तीनशे बाकी आहेत." बँकेचा माणूस दारात बसला असता तरी ते इतके बेचैन झाले नसते.

मास्तरांनी हा प्रश्न हातात घेतला. मास्तर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आमचे मास्तर. छापलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही न करणारा गावातला एकमेव माणूस. त्यांच्या नातवाने त्यांना एक अमेरिकेतला अभ्यास मोबाईलवर दाखवला. २०१९ चा, हार्वर्डच्या संशोधकांचा. सोळा हजारांवर म्हाताऱ्या बायकांना पावलं मोजायची यंत्रं लावली होती; सरासरी वय ७२. निष्कर्ष असा, की दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे चालण्याने आकड्यात फारसा फरक पडत नव्हता. जास्त चालणाऱ्या बायकांची तब्येत आधीपासूनच बरी असणार, हा मुद्दा उरतोच. अभ्यास करणाऱ्यांनाही तो ठाऊक होता.

मास्तरांनी हे दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. क्षणभर शांतता. मग आण्णा म्हणाले, "म्हणजे चौरेचाळीसशेवर भागतंय?" भागतंय, मास्तर म्हणाले. "मग वरची छप्पनशे?"

"ती माफ."

मराठवाड्यात माफी हा शब्द ऐकल्यावर जो आनंद चेहऱ्यावर दिसतो तो जपान्यांना कधी समजणार नाही. दोन दिवस बिडकीनमध्ये कुणी चाललंच नाही. ज्यांनी आधीच दहा हजार पुरे केले होते, त्यांनी रीतसर तक्रार केली: नियमित फेडणाऱ्यांवरच नेहमी अन्याय का?

घड्याळ पावलं मोजतं कसं, हे कळल्यावर मात्र माफीचीही गरज उरली नाही. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा बारीकसा तुकडा असतो. त्याला पाय दिसत नाहीत. हात ठरावीक लयीत हलला की ते समजतं, माणूस चालला. हा शोध पहिला लागला भजनी मंडळाला. एकादशीच्या रात्री टाळ वाजवून घरी आलेल्या बुवांनी पट्टी बघितली तर सहा हजार आठशे. बुवा मांडी घालून बसले होते, लघवीलासुद्धा उठले नव्हते. त्यांनी हा पांडुरंगाचा हिशेब मानला आणि त्या हिशेबात लुडबुड करायची कुणाची छाती झाली नाही. मृदंगवाल्याच्या डाव्या हातात पट्टी होती, त्याची बाराशेच भरली. तेव्हापासून तो उजव्या हाताला बांधतो. विणेकरी मात्र रुसलेला आहे. रात्रभर उभा तोच असतो, आणि पावलं नुसती शे-दीडशे.

स्वयंपाकघराला हेच गुपित आधीपासून माहीत होतं. भाकरी थापताना पट्टी बोलते. रवीने ताक घुसळताना तर ती धावायला लागते. बाजरीच्या पंधरा-वीस भाकरी थापणारी बाई, तिच्या मनगटावरच्या यंत्राच्या मते, चितेगावपर्यंत जाऊन आलेली असते. आण्णांच्या घरी दोघांनाही पट्ट्या होत्या. आण्णा पहाटे उठून, बूट घालून, औद्योगिक क्षेत्राला वळसा मारून यायचे आणि मनगट बघायचे, तर काकू चुलीपुढून न हलता दोनशेने पुढे. आण्णांनी आरोप केला, हे चालणं नाही. काकू म्हणाल्या, "पन्नास वर्षं केलं तेव्हा कुणी मोजलं नाही. आता मोजायलंय तर तुमच्या पोटात दुखू ऱ्हायलं." यावर आण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही.

पण याच यंत्राने एका आजीवर खरा अन्याय केला. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या वॉकर धरून चालतात. ओट्यापासून फाटकापर्यंत जायचं आणि यायचं, एवढ्यात अंगाला घाम. वॉकरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, त्यामुळे मनगट स्थिर. पट्टी म्हणायची, शून्य. गावातलं सर्वांत कष्टाचं चालणं आजींचं, आणि खात्यावर काहीच नाही. बुवांचे बसून सहा हजार, आजींचे चालून शून्य. नातीने डोकं चालवलं आणि पट्टी मनगटावरून काढून घोट्याला बांधली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण संशोधकही याच उपायापर्यंत आलेले आहेत: संथ चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पावलं मनगटापेक्षा घोट्यावर खरी मोजली जातात. आजींच्या एका पायात आता चांदीचा तोडा आणि दुसऱ्यात घड्याळ. वेळ बघायची झाली तर नातीला वाकून बघावं लागतं. बघायला आलेल्या बायकांना आजी सांगतात, "पैंजण डाक्टरनं दिलंय."

घड्याळाच्या बोलण्याची वेगळी कथा. तासभर एका जागी बसलात की ते थरथरतं आणि उठायला सांगतं. आमच्या एका माजी सरपंचांना हे अजिबात मानवलं नाही. पंधरा वर्षं ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी उठ म्हणालं नव्हतं. विरोधकांनी प्रयत्न करून झाले होते. "हे कोण मला उठवणारं?" म्हणून त्यांनी ते घड्याळ काढून नातवाला दिलं. नातू वर्गात दर तासाला उठून उभा राहतो. गुरुजींना वाटतं, मुलगा फार नम्र आहे.

काही महागड्या घड्याळांना माणूस पडलेलाही कळतो. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये आणली, आणि ६५ च्या पुढचं वय नोंदवलेलं असलं तर ती आपोआप चालू ठेवली. आता ती इतर घड्याळांतही असते. जोराने खाली गेल्याची हालचाल दिसली की घड्याळ विचारतं, पडलात का? उत्तर आलं नाही तर घरच्यांना कळवतं. पडणं ही म्हातारपणातली खरोखर गंभीर गोष्ट आहे, म्हणून ही सोय मोलाची. मात्र ज्याने ती बनवली त्याने साष्टांग दंडवत पाहिलेला नव्हता.

नाथषष्ठीच्या दिवसांत, फाल्गुनात, पैठणचा रस्ता दिंड्यांनी भरून जातो. एकनाथ महाराजांच्या समाधीला दुरून दुरून लोक पायी येतात. बुवा दरवर्षी जातात आणि चालण्यासाठी त्यांना आजवर कुठल्याही यंत्राने आठवण करून दिलेली नाही. यंदा मुलाने नेमकं तेच महागडं घड्याळ बांधून पाठवलं. बुवा दिवसभर चालले, पावल्या खेळले, फुगड्या घातल्या. घड्याळ आकडे मोजता मोजता तापलं. मुक्कामाच्या देवळात पोचल्यावर बुवांनी जे अंग टाकलं ते सरळ दगडी फरशीवर, हात पुढे, कपाळ खाली. घड्याळाने विचारलं, पडलात का? बुवा हलले नाहीत. त्यांचं मागणं मोठं होतं. पुण्यात मुलाच्या मोबाईलवर धोक्याचा निरोप गेला. मुलाने बिडकीनला फोन केला, बिडकीनहून दिंडीतल्या एकाला फोन गेला, तो चिवडा टाकून देवळाकडे धावला. आत डोकावून त्याने मुलाला सांगितलं, "पडलेत. पण पांडुरंगाच्या पायावर. उठवू का?"

मुलांना घड्याळातून काय दिसतं, हेही म्हाताऱ्यांनी लवकर ओळखलं. पुण्याच्या लेकीच्या मोबाईलवर आईची पावलं रोज जातात. आकडा कमी दिसला की लेक घाबरून फोन करते: आई, आज चारशेच? बरं नाही का? ही गोष्ट ज्या काकूंच्या प्रथम लक्षात आली, त्यांनी तिचा वापर सुरू केला. लेकीचा फोन दोन दिवस आला नाही की त्या तिसऱ्या दिवशी बसून राहतात. पाणी प्यायला उठत नाहीत; सुनेला आणून द्यायला सांगतात. संध्याकाळपर्यंत फोन येतोच. आईने हालचाल करावी म्हणून लेकीने पाठवलेलं यंत्र, आईला दिवस दिवस खुर्चीत बसवून ठेवतं. पण फोन आल्यावर त्या अर्धा तास बोलतात, आणि मोबाईल कानाला लावून बोलताना त्यांना बसून बोलता येत नाही. ओसरीवर येरझारा चालू असतात. शेवटी हिशेब बरोबर जमतो.

यंत्राने माणूस खरंच जास्त चालतो का, याचं उत्तर कुणी शोधलं नाही असं नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छत्तीस नव्हे, नेमके २६ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता: यंत्र लावलेली माणसं न लावलेल्यांपेक्षा दिवसाला अडीच हजारांच्या आसपास पावलं जास्त चालतात, आणि ती वाढ खरी दिसते ती समोर एखादा ठरलेला आकडा असेल तेव्हाच. छत्तीस हा आकडा मास्तरांनी आधी सांगितला होता, नंतर त्यांनीच दुरुस्त केला. मी दोन्ही लिहिले, कारण ते हा लेख तपासणार आहेत. त्यांनी या अभ्यासाला बिडकीनची पुस्ती जोडली: समोर आकडा हवा हे खरंच, पण तो आपला नको, दुसऱ्याचा हवा. आण्णांचे किती झाले हे कळल्याशिवाय मास्तर रात्रीचं जेवण करत नाहीत. तैवानमध्ये एका आजोबांनी सायकलला डझनावारी मोबाईल लावून पोकेमॉन शोधत हिंडण्याचा छंद लावून घेतला होता. जगभर त्यांचे फोटो छापून आले. आमच्याकडे पोकेमॉनची गरज पडली नाही. मास्तर आहेत.

त्यांनीच ज्येष्ठांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. रोज रात्री प्रत्येकाने आपला आकडा टाकायचा, महिनाअखेरीस पहिल्या क्रमांकाला श्रीफळ आणि उपरणं. पहिल्याच महिन्यात बुवा टाळावर जिंकले आणि सभेत गदारोळ झाला. बसून कमावलेली पावलं धरायची की नाही? बुवांचं म्हणणं, नामस्मरणात आडकाठी नको. आण्णांचं म्हणणं, मग मीही पाळण्याची दोरी ओढत बसतो. काकूंनी निरोप पाठवला, भाकरी वगळलीत तर उद्यापासून तुम्हीच थापा. सभा मोबाईलच्या दुकानातच चालली असल्याने मित्राची दोन तासांची विक्री बुडाली, पण तिघांनी बसल्या बसल्या चार्जर घेतले.

तोडगा मास्तरांनी काढला आणि तो थेट एस.टी. महामंडळाकडून उचलला. बैठी पावलं, मग ती टाळाची असोत, रवीची असोत नाहीतर भाकरीची, ६५ ते ७५ वयाच्या सभासदांची निम्मी धरायची आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची पूर्ण. महिलांची वय न बघता निम्मी, कारण मार्च २०२३ पासून एस.टी.त त्यांना निम्मंच तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या काकूंना पूर्ण की निम्मी, यावर अर्धा तास गेला; शेवटी जे जास्त असेल ते. वॉकरवाल्या आजींची दुप्पट, हे मात्र कुणी न मांडता मान्य झालं.

या तोडग्याने वाद मिटायला हवा होता. पण बुवांचं कागदोपत्री वय निघालं चौऱ्याहत्तर. त्यांची जन्मतारीख १ जून, तशी गावातल्या निम्म्या माणसांची १ जूनच आहे. शाळेत नाव घालताना मास्तर लोक अंदाजाने तीच टाकत. आणि बुवांचं नाव शाळेत घातलं होतं आमच्या मास्तरांच्या वडिलांनी, जे त्या काळी इथेच मास्तर होते. बुवा सरळ मास्तरांपुढे उभे राहिले. "तुमच्या वडिलांनी माझं एक वर्ष खाल्लं. ग्रुपमधला वासुदेव माझ्यानंतर जन्मला, तो पंचाहत्तर झाला आणि मी चौऱ्याहत्तर कसा?" मास्तरांनी वडिलांची बाजू घेतली, आण्णांनी बुवांची, कारण आण्णांचीही जन्मतारीख १ जूनच होती. जुनं रजिस्टर बघितल्याशिवाय कुणाचंच समाधान होईना. सगळे उठले आणि शाळेकडे निघाले, कुणी एकट्याने आधी पोचून पान फाडू नये म्हणून एकत्र, पायी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, अर्ज लागेल, सोमवारी या. सोमवारी म्हणाल्या, रजिस्टर तालुक्याला गेलंय. पैठणला म्हणाले, संबंधित बाबू रजेवर आहेत. तेव्हापासून मंडळी सतत कुठे ना कुठे जाऊन येतच आहेत; आण्णांची साखर उतरली, मास्तरांनी बूट बदलले. गेल्या सभेत वादाविना मंजूर झालेला एकच ठराव आहे: सरकारी कामासाठी मारलेल्या फेऱ्या, वय कितीही असो, पूर्ण धराव्यात.